सॉलोमन बर्कचा 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' : पिकलेला आवाज रेकॉर्ड कसा करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे : अमेरिकन सोल गायक सॉलोमन बर्कचं 1962 चं 'क्राय टू मी' आणि 2002 चा 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' हा अल्बम लागोपाठ ऐकला. मधल्या चाळीस वर्षांत आवाज जड झालाय, वर जाताना जपून जातो, श्वासही ऐकू येतो. तरी भिडतो तो दुसराच. हे गायकाचं कर्तृत्व की निर्मात्याचं? आणि असे 'कमबॅक' अल्बम इतक्या मोजक्या वाद्यांत का करतात? पैसे नसतात म्हणून?

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तो प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि उत्तर बरंचसं 'हो' असंच आहे. पैसे नसतातच. हा अल्बम काढला फॅट पॉसम नावाच्या मिसिसिपीतल्या छोट्या कंपनीने. आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किंब्रो अशा खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या ब्लूजवाल्यांना रेकॉर्ड करण्यासाठी ती ओळखली जायची. बडी कंपनी बासष्टीच्या माणसावर तीस वादकांचा तंतुवाद्यांचा ताफा लावत नाही. चार दिवस मिळाले. निर्माता जो हेन्री हा स्वतः गीतकार-गायक. त्याने चार दिवसांत अकरा गाणी उरकली. 'उरकली' हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण पुढे जे सांगायचंय ते सगळं या घाईतूनच निघतं.

मी मुंबईत सत्तावीस वर्षं रेकॉर्डिस्टचं काम करतो. पंचविशीतले गळे रेकॉर्ड केलेत, पंच्याहत्तरीतलेही. सोल, म्हणजे चर्चची गाणी आणि ब्लूज यांतून आलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाणं, हा माझा धंदा नाही, माझं वेड आहे. पण माईकसमोर म्हातारा माणूस बसला की मेम्फिस काय आणि दादर काय, अडचणी त्याच असतात.

आधी एक गैरसमज. 'कमबॅक' हा शब्द वर्तमानपत्रांचा. बर्क कुठे गेलाच नव्हता. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत तो 1960 मध्ये आला आणि 1965 मध्ये 'गॉट टू गेट यू ऑफ माय माइंड' आर अँड बीच्या, म्हणजे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' गाण्यांच्या, लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग नव्या वाऱ्यात तो मागे पडला, कंपन्या बदलत राहिला, ऐंशीच्या दशकात गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांच्या, रेकॉर्ड केल्या, मंचावर मुकुट आणि झगा घालून सिंहासनावर बसून गात राहिला. शिवाय तो धर्मोपदेशक. प्रवचनातून गाण्यात आणि गाण्यातून प्रवचनात शिरणं ही त्याची लहानपणापासूनची सवय, आणि ती कधी सुटली नाही. म्हणजे लोकांच्या नजरेआड असला तरी गळा रियाजात होता. वय झालेला गळा आणि गंजलेला गळा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्याचं काहीतरी करता येतं. दुसऱ्याला स्टुडिओत आणण्याआधी सहा महिने गायला लावावं लागतं, आणि ते कोणी करत नाही.

आता चार दिवसांचं. हे आज धाडस वाटतं, पण बर्क ज्या काळात घडला त्या काळात हेच रोजचं होतं. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वादकांच्या युनियनचं एक सेशन तीन तासांचं असे, आणि त्यात तीन-चार गाणी व्हायची. अटलांटिककडे टॉम डाऊड या रेकॉर्डिस्टच्या आग्रहाने 1950 च्या दशकाच्या शेवटीच आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारं, मशीन आलं होतं, तरी बँड एकत्रच वाजवायचा आणि गायक त्यांच्यासोबतच गायचा. पुढे सोळा, चोवीस ट्रॅक आले आणि पद्धत बदलली : आधी ड्रम, मग बास, मग गिटार, सगळ्यात शेवटी गायक एकटा बूथमध्ये, कानाला हेडफोन, समोर काच. आपल्याकडेही हेच झालं, फक्त उशिरा. जुना माणूस या पद्धतीत गोठून जातो. तो समोरच्या वादकाच्या खांद्याकडे बघून सम ओळखत आलेला असतो. त्याला तयार ट्रॅकवर 'डब' करायला सांगणं म्हणजे कीर्तनकाराला रिकाम्या देवळात उभं करण्यासारखं आहे. हेन्रीने बर्कला एकत्र वाजणारा बँड दिला, म्हणजे काही नवीन केलं नाही. त्याचंच घर त्याला परत दिलं.

वादक बघा : डबल बासवर डेव्हिड पिल्च, ड्रमवर जे बेलरोज, गिटारवर ख्रिस ब्रूस, पियानोवर डेव्हिड पामर. आणि ऑर्गनवर रूडी कोपलँड. हा कोपलँड अंध होता आणि बर्कचा स्वतःचा माणूस, चर्चमधला. माझ्या मते अख्ख्या अल्बममधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. बाकी चौघे लॉस एंजेलिसचे पट्टीचे सेशनवाले, पण बर्क कुठे थांबणार, कुठे ओळ लांबवणार, कुठे बोलायलाच लागणार, हे बोटांना ठाऊक असलेला माणूस एकच. संवादिनीवाला आपला असला की बुवांचं निम्मं ओझं उतरतं, तसंच हे. शीर्षक गीत हेडफोनवर ऐका. बर्कने ओळ सोडली की ऑर्गन लगेच भरायला धावत नाही. तो किंचित थांबतो, बुवा आणखी काही म्हणतायत का बघतो, मगच जागा घेतो. ही गोष्ट कागदावर लिहून देता येत नाही.

आता तांत्रिक भाग, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण 'भिडतो का' याचं माझं उत्तर इथे आहे.

वादक एकत्र वाजले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये सांडतो. आम्ही त्याला 'लीकेज' म्हणतो आणि नव्या पोरांना ते टाळायला शिकवतो. गायकाच्या माईकमध्ये झांज आली असेल तर गायकाचा चुकलेला सूर कॉम्प्युटरवर वर सरकवता येत नाही, कारण त्याच्याबरोबर झांजही सरकते आणि बेसूर वाटायला लागते. एखादी ओळ नंतर पुन्हा गाऊन चिकटवावी, आमच्या भाषेत 'पंच मारावा', तर जुन्या ओळीचं भूत पियानोच्या माईकमध्ये शिल्लक असतं. थोडक्यात, दुरुस्तीची दारं बंद. हे सगळ्यांना माहीत असतं. बासवाल्याला माहीत असतं की आपण चुकलो तर म्हाताऱ्याचा चांगला टेक वाया जाईल. म्हाताऱ्याला माहीत असतं की हे सगळे आपल्यासाठी श्वास रोखून आहेत. त्यामुळे सगळे ऐकत वाजवतात. त्या अल्बममध्ये तुम्हाला जे 'भिडतं' त्यातला मोठा वाटा या ऐकण्याचा आहे. वाद्यं कमी आहेत म्हणून आवाज मोठा वाटतो हे खरं, पण अर्धंच. कमी वाद्यं क्लिकवर, म्हणजे कानातल्या यांत्रिक ठोक्यावर, वेगवेगळी वाजवून बघा, सुनं वाटतं नुसतं.

मग आवाजाचं वय. स्वरतंतू पातळ होतात, भोवतालच्या कूर्चा कडक होतात, छातीतली हवा कमी पडते. बायकांचा आवाज वयाबरोबर खाली उतरतो, पुरुषांचा उलट थोडा वर चढू शकतो. कंप बदलतो : तयार गळ्यात सेकंदाला साधारण पाच ते सात आंदोलनं असतात, म्हातारपणी तो संथ आणि रुंद होतो, आणि मग लांब धरलेला सूर डुगडुगतो. यावर जुना उपाय म्हणजे पट्टी उतरवणं. पण पट्टी उतरवणं हा सांगायला सोपा आणि करायला अवघड प्रकार आहे. काळी दोनमधलं गाणं पांढरी एकवर आणलं की फक्त गायकच खाली येत नाही. बासची जी ओळ मोकळ्या तारेवर घुमत होती ती आता वाद्यावर नाहीच, ती एक सप्तक वर न्यावी लागते. गिटारची पकड बदलते. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, असेल तर त्याची चमक जाते, ते भुईवर घोरायला लागतं. मूळ गाणं ज्यांच्या कानात आहे त्यांना काहीतरी मेल्यासारखं वाटतं आणि दोष मात्र गायकाला देतात.

म्हणूनच हेन्रीने बर्कची जुनी गाणी पुन्हा करायचा मोह टाळला. जुनं हिट गाणं पुन्हा गायलं की ऐकणारा फूटपट्टी घेऊन बसतो. इथे गाणी आली ती दुसऱ्या दमदार लोकांकडून : शीर्षक गीत डॅन पेन आणि दोन साथीदारांचं, दोन गाणी व्हॅन मॉरिसनची, एक टॉम वेट्स आणि कॅथलीन ब्रेनन यांचं, एक ब्रायन विल्सनचं, एक निक लोचं, एक एल्व्हिस कॉस्टेलोचं, एक खुद्द हेन्रीचं. एक बॉब डिलनचं, 'स्टेपचाइल्ड' : डिलन स्वतः ते 1978 च्या दौऱ्यात गायचा, पण आपल्या अल्बमवर त्याने ते घेतलं नव्हतं. सगळीच कोरी होती असं नाही. 'नन ऑफ अस आर फ्री' रे चार्ल्सने 1993 मध्ये गायलं होतं, आणि मॉरिसनची दोन्ही गाणी 2002 मध्येच त्याच्या स्वतःच्या अल्बमवरही आली. पण बर्कच्या गळ्यात ती पूर्वी कोणी ऐकलेली नव्हती. त्यामुळे पट्टी ठरवताना फक्त आजच्या आवाजाला विचारायचं होतं, चाळीस वर्षांपूर्वीच्या नाही.

नावांची ही यादी बघून भारावून मात्र जाऊ नका. बर्कच्या अल्बममध्ये मला सगळ्यात कमी आवडतं ते कॉस्टेलोचं 'द जजमेंट'. शब्दांची गर्दी इतकी की बर्कला ओळीत पाय पसरायला जागाच नाही. सोल गायकाला थोडे शब्द आणि भरपूर वेळ लागतो. डॅन पेनला हे पक्कं ठाऊक होतं, तो आयुष्यभर सोल गायकांसाठीच लिहीत आला. शीर्षक गीताचं म्हणणं एवढंच, की मी चुकतमाकत जगणारा माणूस आहे, माझ्यावरचा विश्वास सोडू नकोस. पंचविशीच्या तोंडी हे प्रियकराचं आर्जव वाटलं असतं. बासष्टीच्या, एकवीस मुलांच्या बापाच्या, उपदेशकाच्या तोंडी ते वेगळंच होतं. आणि तो ते जोर लावून गात नाही, जवळजवळ बोलतो. जोर आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, तो एखाद्या ठिकाणी दाखवतो आणि परत आत घेतो.

इथे माझी एक चूक सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एका भावगीत गायिकेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. पैसे घालणाऱ्या कंपनीचा हट्ट, की आवाज 'फ्रेश' वाटला पाहिजे. मी रात्री बसून प्रत्येक ओळीआधीचा श्वास कापला. बाईंचा श्वास मोठा होता, नाकातून येणारा, जरा शिट्टीसारखा. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पिशवीतून थर्मास काढला, हेडफोन लावले. अंतऱ्यापर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, माझा श्वास कुठं गेला? मी कुठून उचललं तेच कळेना." मला वाटलं, भावनेच्या भरात बोलतायत. मग तबलजी म्हणाला, बाईंच्या श्वासावरच तर मी तिहाई धरली होती. पुन्हा ऐकलं. खरंच, श्वास काढल्यावर ठेका बरोबर असूनही गाणं पाय घसरल्यासारखं चालत होतं. सगळे श्वास एकेक करून परत बसवले. त्याचे वेगळे पैसे अर्थातच कोणी दिले नाहीत.

त्यानंतर बर्कचा अल्बम पुन्हा लावला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तिथे श्वास 'राहून गेलेला' नाही, ठेवलेला आहे. म्हाताऱ्या गायकाला माईकच्या जवळ बसवलं की दोन गोष्टी होतात : त्याला आवाज फेकावा लागत नाही, म्हणजे डुगडुग कमी होते, आणि जवळिकीने खर्ज फुगतो, छाती भरल्यासारखी वाटते. याची किंमत म्हणजे ओठांचे, जिभेचे, श्वासाचे सगळे आवाज येतात. ती किंमत मोजायची.

'निर्मात्याची जादू' म्हणाल तर ती एवढीच : कुठे हात लावायचा नाही हे आधी ठरवणं, आणि गाणी निवडण्यात हवा तेवढा वेळ घालवून स्टुडिओत चारच दिवस थांबणं. नवशिके उलटं करतात. अल्बमला 2003 मध्ये समकालीन ब्लूज विभागात ग्रॅमी मिळालं, बर्कचं पहिलंवहिलं. मग मात्र याचा साचा झाला. खरं तर साच्याची सुरुवात त्याआधीची. निर्माता रिक रुबिनने 1993 मध्ये म्हाताऱ्या कंट्री गायक जॉनी कॅशला एक गिटार देऊन दिवाणखान्यात बसवलं तेव्हापासूनची. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत प्रत्येक विस्मृतीतल्या गायकाला एक खोली, एक तरुण भक्त निर्माता आणि नामवंतांची दहा गाणी मिळू लागली. त्यातले बरेच अल्बम मला ओढूनताणून केलेले वाटतात. बर्कला स्वतःलाही हा रस्ता सोडावासा वाटला असावा. त्याने 2006 मध्ये नॅशव्हिलला बडी मिलर या निर्मात्याच्या घरी कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या ढंगाच्या, गाण्यांचा अल्बम केला, आणि तो ऐकाच. कंट्री त्याला नवी नव्हती : 1961 मधलं त्याचं पहिलं मोठं गाणं कंट्रीच होतं.

साच्याबाहेरचं एक उदाहरण, म्हणजे माझं म्हणणं तुम्ही ब्रह्मवाक्य समजणार नाही. जुना सोल गायक बॉबी वोमॅक याचा 2012 चा 'द ब्रेव्हेस्ट मॅन इन द युनिव्हर्स' डेमन अल्बार्न आणि रिचर्ड रसेल या निर्मात्यांनी केला. त्यात मशीनचे ठोके आहेत, इलेक्ट्रॉनिक पोकळ्या आहेत, एकत्र वाजणारा बँड जवळपास नाही. तरी तो अल्बम उभा राहतो, कारण वोमॅकचा फाटका आवाज त्या गुळगुळीत भिंतीवर ओरखड्यासारखा उमटतो. म्हणजे एकत्र बसवणं हा मंत्र नाही, त्या त्या माणसाला काय लागतं ते बघायचं.

आणि उलट टोकाचं : सोल गायक ॲल ग्रीन. त्याने 2003 मध्ये 'आय कान्ट स्टॉप' केला तो मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत, सत्तरच्या दशकातल्या आपल्या त्याच निर्मात्यासोबत, विली मिचेलसोबत. हा स्टुडिओ म्हणजे जुनं चित्रपटगृह, जमिनीचा उतार अजून तसाच. मिचेलने ग्रीनचा जुना नऊ नंबरचा माईकही बाहेर काढला. माझ्यासारख्याच्या अंगावर हे वाचून काटा येतो, खोटं कशाला बोला. पण अल्बम ऐकताना मला सारखं वाटत राहतं की सत्तावन्न वर्षांचा ग्रीन पंचविशीच्या ग्रीनची हुबेहूब नक्कल करतोय. नक्कल उत्तम आहे. पाच वर्षांनी क्वेस्टलव्ह आणि जेम्स पॉयझर या नव्या पिढीच्या निर्मात्यांबरोबर केलेला 'ले इट डाऊन' मला जास्त जिवंत वाटतो, आणि तिथे नऊ नंबरचा माईक नव्हता.

पुढे काय ऐकू, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतोच. हेन्रीने बर्कनंतर तीन वर्षांनी बेटी लव्हेट या सोल गायिकेचा अल्बम केला, 'आय हॅव गॉट माय ओन हेल टू रेझ'. हिची कथा बर्कपेक्षा कडू. सोळाव्या वर्षी, 1962 मध्ये पहिलं गाणं गाजलं. 1972 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्समध्ये अख्खा अल्बम रेकॉर्ड झाला आणि कंपनीने तो कपाटात टाकला. तो बाहेर आला 2000 मध्ये, तेही फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीमुळे. मधल्या अठ्ठावीस वर्षांत ती बरीचशी लहान क्लबांत गात राहिली. 2005 च्या या अल्बममध्ये सगळी गाणी बायकांनी लिहिलेली : शिनेड ओ'कॉनर, लुसिंडा विल्यम्स, डॉली पार्टन, जोन आर्मट्रेडिंग. बर्कच्या उलट, यातली गाणी लोकांना आधीच माहीत होती. तिने ती अशी मोडून बांधली की ओळखू येत नाहीत. लुसिंडा विल्यम्सच्या 'जॉय'मध्ये तर तिने मूळच्या गावांच्या जागी स्वतःच्या आयुष्यातली गावं घातली.

पहिलं गाणं ओ'कॉनरचं, आणि त्यात एकही वाद्य नाही. कसलाही ठेका नाही, आधार नाही. नुसती एकोणसाठ वर्षांची बाई. रात्री पंखा बंद करून, चांगल्या हेडफोनवर लावा आणि ओळींच्या मधल्या जागा ऐका : ती पुढचा शब्द घ्यायला किती वेळ थांबते, आणि त्या वेळात तिला कोणीही घाई करत नाही.